सोन्याच्या कड्यावरून 'आई' ठरलेला माणूस

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. रोमन काळ आला की पॉम्पेई या रोमन शहरातला एक फोटो हमखास दाखवायचे : ज्वालामुखीच्या राखेत मांडीवर लेकरू घेऊन गेलेली आई. आता वाचलं की डीएनए तपासणीत ती आई नव्हे, पुरुष निघाला आणि मूलही त्याचं नाही. इतक्या जुन्या हाडांवरून हे एवढं ठाम कसं सांगतात? आणि मुलांना आता काय सांगू? – एक शिक्षिका, कराड

उत्तर : नमस्कार बाई. माझ्याही मनात तो फोटो 'आई' म्हणूनच होता. जुन्या हाडांतून डीएनए काढणं हे माझं रोजचं काम, तरी २०२४च्या नोव्हेंबरात ते संशोधन वाचलं तेव्हा फोटो पुन्हा उघडून बराच वेळ बघत बसले.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली माणसं गाडली गेली. देह कुजले, घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्यांत प्लास्टर ओतून आकृत्या घडवायला सुरुवात केली. हाडं आतच होती, ती प्लास्टरमध्ये अडकून राहिली. अशा १४ आकृत्यांतून नमुने घेतले, त्यांत 'सोन्याच्या कड्याचं घर' म्हणतात तिथली ही जोडीही होती.

आमच्या खोलीत हाड आलं की अंगभर सूट, मास्क, हातमोज्यांचे दोन थर. माझी एक शिंकही सगळा नमुना बिघडवू शकते. आधी हाडाचा वरचा थर खरवडून टाकायचा, मग ड्रिल अगदी हळू चालवायचं. जोरात चालवलं की हाड तापतं आणि आत जे काही उरलंय तेही जातं. दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा जळका वास आला की मी लगेच हात थांबवते. चिमूटभर पूड मिळाली तरी पुष्कळ.

त्या पुडीत डीएनएचे बारीक तुकडेच सापडतात. जुन्या तुकड्यांची टोकं ठरावीक पद्धतीने झिजलेली असतात : तिथलं सायटोसिन हे डीएनएचं एक 'अक्षर' थायमिन या दुसऱ्या अक्षरासारखं वाचलं जातं. ही झीज दिसली की डीएनए खरोखर त्या काळचा आहे, हाड हाताळणाऱ्या कुणाचा नाही, याचा भरवसा येतो. मग मोजणी. बाईत दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. कुठले तुकडे किती आले यावरून स्त्री की पुरुष ते कळतं, त्याला फार तुकडे लागत नाहीत. नात्यासाठी जास्त लागतात. आई-बाप आणि मूल यांचा निम्मा डीएनए जुळायला हवा, इथे तसा जुळला नाही.

हातात सोन्याचं कडं, मांडीवर मूल, म्हणजे आई! हाडं असं कधीच म्हणाली नव्हती. बघणाऱ्यांनी ते ठरवलं होतं.

पण 'मूल त्याचं नाही' हे वाक्य वर्गात जपून वापरा. रक्ताचं नाही, एवढंच डीएनए सांगतो. सम्राट ऑगस्टस आणि टायबेरियस यांची हाडं माझ्याकडे आली असती तर मीही 'बाप-लेक नाहीत' असंच लिहिलं असतं. रोमच्या कायद्याने मात्र टायबेरियस त्याचा दत्तक मुलगा होता. शिवाय रोमन घरात गुलाम, मुक्त केलेले गुलाम, दत्तक मुलं असे कितीतरी जण एका छताखाली राहायचे. हा माणूस त्यांपैकी कोण, शेजारी की नोकर की पाळणारा, हे माझ्या यंत्राला वाचता येत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ज्यांचा पुरेसा डीएनए मिळाला त्या पॉम्पेईकरांचे पूर्वज मुख्यतः पूर्व भूमध्य सागराकडून आलेले निघाले.

फोटो दाखवणं बंद करू नका, बाई. फक्त या वेळी काही न सांगता फळ्यावर लावा आणि काय दिसतंय ते मुलांना वहीत लिहू द्या. कड्याचं नंतर सांगा.