पाच संख्यांची सरासरी १२ आहे. त्यांपैकी चार संख्या ८, १५, १० आणि १३, तर पाचवी कोणती आणि मध्यक किती?

आधी एकूण बेरीज काढा, म्हणजे गणित निम्मं सुटतं. सरासरी १२ आणि संख्या पाच, म्हणून बेरीज ६०. दिलेल्या चौघींची बेरीज ४६. पाचवीला क्ष म्हणा: ४६ + क्ष = ६०, क्ष = १४.

चूक बहुतेक वेळा इथे होते: चार संख्यांची सरासरी ११.५ काढून ती आणि क्ष यांची सरासरी १२ धरतात. मग उत्तर १२.५ येतं, ते चूक. ११.५ मागे चार संख्या आहेत, क्ष एकटाच. दोघांचं वजन सारखं कसं धरणार?

मध्यकासाठी चढता क्रम लावा: ८, १०, १३, १४, १५. मधली संख्या १३.