'नसांची गाठ' म्हणावे का?

एका ताईंचा प्रश्न आहे: "भाचीच्या खालच्या ओठावर जन्मापासून निळसर फुगवटा आहे. डॉक्टरांनी कागदावर 'व्हीनस मालफॉर्मेशन' लिहिले. घरात सगळे 'नसांची गाठ' म्हणतात. बरोबर आहे का?"

ताई, 'गाठ' तेवढी सोडा. गाठ म्हटले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कॅन्सर आठवतो. शिवाय गाठीत पेशी वाढत सुटतात. इथे तसे नसते. गर्भातच काही नीलांची, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांची, घडण बिघडलेली असते, त्यांच्या भिंतीतले स्नायूंचे अस्तर अपुरे असते. म्हणून त्या सैलावतात, त्यात रक्त साठते, आणि मूल वाढते तसा तो भागही वाढतो. हेमँजिओमा ही लहान बाळांतली रक्तवाहिन्यांची वाढ मात्र खरी गाठ. ती बहुधा जन्मानंतर काही आठवड्यांत उगवते, पहिल्या वर्षात भराभर वाढते आणि पुढे काही वर्षांत ओसरते. पूर्वी दोन्हींना हेमँजिओमाच म्हणत. १९८२ साली बॉस्टनच्या मलिकेन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी पेशी तपासून त्यांची फारकत केली.

आता 'नस'. नस आखडते, नस दबते, तेव्हा आपल्या मनात मज्जातंतू असतो. 'शीर'ही तशीच सैल. 'पायाच्या शिरा फुगल्या' म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स, ते दुखणे बहुधा मोठेपणीचे. म्हणून शाळेतली जुनी जोडी घ्यावी, रोहिणी आणि नीला. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला निळी. भाचीच्या ओठावर हलके बोट दाबून पाहा. फुगवटा बसतो, रंग फिकटतो, बोट काढले की सावकाश पुन्हा भरतो. ती ओणवी झाली किंवा जोरात रडली की टरारतो. पण ठोका लागत नाही. बोटाखाली ठोका लागला तर रोहिणी थेट नीलेला जोडलेली असू शकते. तो वेगळा आजार, त्याचे उपचारही वेगळे. म्हणून 'रक्तवाहिन्यांचा दोष' असे मोघम न म्हणता 'नीला' म्हणायलाच हवे.

'मालफॉर्मेशन'ला 'विकृती' किंवा 'विरूपता' असे प्रतिशब्द सुचवले जातात. मला दोन्ही खटकतात. विकृती बोलण्यात माणसाच्या मनाला चिकटते, आणि विरूपता हा शब्द चेहऱ्यावर घेऊन एका मुलीने वाढायचे का? मी 'नीलांचा जन्मजात घडणदोष' म्हणेन. दोष घडणीचा, आईचा नव्हे. 'ग्रहणात काही चिरलेस का?' असे तिला कुणी विचारू नये. बहुतेकदा गर्भ वाढताना एखाद्या पेशीतल्या जनुकात आपोआप बदल होतो, आणि तो आईवडिलांकडून आलेला नसतो.

पुढेमागे त्या फुगवट्यात वाटाण्याएवढे कडक काही हाताला लागले तर तीही गाठ म्हणू नका. साकळलेल्या रक्तात कॅल्शियम साचून असे खडे होतात. मूतखड्याच्या चालीवर 'नीलाखडा' म्हणायला हरकत नाही. डॉक्टरांना मात्र तो दाखवा.