ऑपरेशनआधी अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूल द्यायच्या का?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या बाबांना (वय ६४) लिव्हरमध्ये गाठ आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलंय. सर्जन म्हणाले की गाठ काढताना लिव्हरचा रक्तपुरवठा मधेमधे बंद करावा लागेल, त्याने लिव्हरला थोडी इजा होते. हे ऐकल्यापासून घरात कुणाला झोप नाही. मावशीने हळदीच्या आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, गुळवेलीच्या गोळ्या असं सगळं आणून ठेवलंय, आणि नेटवरही वाचलं की अँटीऑक्सिडंट या इजेपासून लिव्हरला वाचवतात. सुरू करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, काही सुरू करू नका. केलं असेल तर त्या सगळ्या डब्या पिशवीत घाला आणि सर्जन व भूलतज्ज्ञांना नेऊन दाखवा. नेटवरचं खोटं नाहीये, पण अर्धं आहे.

लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. एवढं रक्ताने भरलेलं काही कापायचं म्हणजे रक्तस्राव आलाच, म्हणून १९०८ साली ग्लासगोच्या जेम्स हॉगर्थ प्रिंगल या सर्जनने रक्तवाहिन्या लिव्हरमध्ये शिरतात तिथेच दाबून धरायची युक्ती मांडली, ती आजही वापरतात. त्या वाहिन्यांभोवती एक पट्टी ओवलेली असते, ती आवळली की तांबूस-तपकिरी लिव्हर बघता बघता काळपट जांभळं पडायला लागतं. भूलतज्ज्ञांचं घड्याळाकडे लक्ष असतं, साधारण १५ मिनिटं झाली की पट्टी सैल करायची, ५ मिनिटं रक्त वाहू द्यायचं, रंग परत येतो, मग पुन्हा आवळायची.

आता सगळ्यांना वाटतं इजा रक्त बंद असताना होते. होतेच, पण मोठा फटका बसतो रक्त परत सुरू झाल्यावर. चार दिवसांनी नळाला पाणी आलं की पहिल्या धारेबरोबर पाइपातला सगळा गंज बाहेर येतो ना, तसं काहीसं. ऑक्सिजन नसताना पेशीतली ऊर्जा संपते, हायपोझँथिन, सक्सिनेट असले पदार्थ साठत जातात, आणि ऑक्सिजन आला रे आला की त्यांच्यापासून फ्री रॅडिकल्सचा (पेशींची नासधूस करणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूंचा) लोंढा सुटतो, तोही पहिल्या काही मिनिटांत. मग लिव्हरमधल्या कुप्फर पेशी (तिथल्या पहारेकरी पेशी) चवताळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात आणि सूज पुढे कित्येक तास चालते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम) शेकड्यांत दिसतील, त्यात याचाही वाटा असतो, ते आकडे बघून घाबरू नका, एरवी सगळं ठीक असेल तर ते उतरत जातात.

मग फ्री रॅडिकल्सना मारणारं औषध, म्हणजेच अँटीऑक्सिडंट, दिलं की झालं, असं वाटणारच. उंदरांमध्ये हळदीतलं करक्युमिन, व्हिटॅमिन ई, मेलाटोनिन, बऱ्याच गोष्टींनी फायदा दिसलाय. पण तो तरुण निरोगी उंदीर, आणि औषध बहुतेक वेळा रक्त बंद करायच्या आधी मोजूनमापून दिलेलं. करक्युमिन पोटातून रक्तात जेमतेमच पोचतं, आणि नेमक्या त्या मिनिटांत, नेमकं मायटोकाँड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरात), पुरेसं असणं हे कॅप्सूलच्या हातात नाही. माणसांत सगळ्यात जास्त आशा एन-ॲसिटिलसिस्टीनवर होती. पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेत ते जीव वाचवतं, मी स्वतः बिनदिक्कत देतो. लिव्हरच्या ऑपरेशनमध्ये आणि ट्रान्सप्लांटमध्ये शिरेतून देऊन पाहिलं तर कुठे एन्झाइम कमी चढले, कुठे नाही, पेशंट जास्त जगतात असं काही ठामपणे दिसलं नाही.

अँटीऑक्सिडंट कामाला लावलंय ते ट्रान्सप्लांटमध्ये, थेट लिव्हरच्या आत. डोनरचं लिव्हर ज्या थंड द्रावणाने धुतात त्यातलं एक १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी बनवलं, त्यात ग्लुटाथायोन आणि ॲलोप्युरिनॉल असतं (हो, युरिक ॲसिडची गोळी तीच). तरी खरं काम थंडी आणि वेळच करतात, पुण्या-मुंबईत ग्रीन कॉरिडॉर करून ॲम्ब्युलन्स पळवतात ती याचसाठी. आता तर बसवण्याआधी लिव्हरला मशीनवर थंडच ठेवून ऑक्सिजन देतात, म्हणजे साठलेलं सक्सिनेट हळूहळू संपतं. हृदय थांबल्यावर घेतलेल्या लिव्हरवर नेदरलँड्सच्या पुढाकाराने २०२१ मध्ये अशी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात पित्तनलिका आकसायचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं.

आणि मला खरी काळजी त्या डब्यांची आहे. २०२१ मध्येच मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण ऑपरेशनच्या तोंडावर हा वाद आपल्या घरात नको. ग्रीन टीच्या अर्काने आणि हळदीच्या कॅप्सूलनेही लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत, व्हिटॅमिन ई जास्त डोसमध्ये घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो. आमटीतली हळद खुशाल चालू द्या.

सर्जनना एक नक्की विचारा, बाबांचं लिव्हर फॅटी आहे का? चरबी असलेलं लिव्हर हा रक्त थांबण्या-सुरू होण्याचा मार कमी सोसतं, आणि हातात महिना आहे. दारू-तंबाखू असेल तर आजच बंद, शुगर ताब्यात, जेवणात डाळ, अंडी, पनीर किती ते आहारतज्ज्ञांना विचारून. मावशींनी एवढ्या मायेने सगळं आणलंय, त्यांना सांगा, रोज संध्याकाळी बाबांना अर्धा तास चालायला घेऊन जा.