आधी काटा, मग इसार

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू घरी येऊन गेलीस, त्याला आज चार दिवस झाले. तुझ्या निळ्या फाइलमध्ये पडद्यांच्या कापडाचे नमुने होते, सोलर पॅनलची दोन दरपत्रके होती, मुरुडपासून वेंगुर्ल्यापर्यंत राहायचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, लावू देणाऱ्या वाड्यांची यादी होती, आणि २०२१ सालच्या राज्याच्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाची प्रतही होती. इतके सगळे असूनही जिना उतरताना तू मागे वळून विचारलेस, "काका, आधी ट्रेलर घेऊ की आधी ओढणारी गाडी?" त्यावर मी काहीतरी मोघम बोललो आणि दार लावून घेतले. ते मला तेव्हापासून टोचते आहे, कारण उत्तर मला ठाऊक होते. ते सांगायचे तर जुने सगळे काढावे लागले असते, आणि तुझी काकू आतच बसली होती.

तुझ्या फाइलमध्ये एक कागद नव्हता. काट्याची पावती. वजनकाट्यावर चढवून, भरलेल्या स्थितीत मोजलेल्या ट्रेलरची पावती हातात आल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही द्यायचा नाही, एवढे एकच मला तुला सांगायचे आहे. आधी काटा, मग इसार. बाकी पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे ते तू आणि तुझी आई ठरवा.

विकणाऱ्याने तुला साडेसातशे किलो सांगितले. तो आकडा ऐकूनच माझ्या कपाळावर आठी आली, कारण युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात आणि बिनब्रेकाचा ट्रेलर खपवणाऱ्याच्या तोंडात नेमका तोच आकडा बसलेला असतो. पण तो माणूस खरे बोलतो आहे असे घटकाभर धरू. तो सांगतो ते रिकाम्या सांगाड्याचे वजन. तू त्यात ८० लिटरची पाण्याची टाकी भरणार, म्हणजे ८० किलो. स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर, आत १४.२ किलो गॅस आणि वरून जवळजवळ तितकेच लोखंड, म्हणजे ३० किलो. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी ५० ते ६० किलोंची. तुझा सुतार ज्या १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये पलंग आणि कपाटे करणार आहे, त्याच्या आठ बाय चार फुटांच्या एका पत्र्याचे वजन ३५-४० किलो होते, आणि असे निदान तीन पत्रे लागतील. मग फ्रिज, गाद्या, भांडी, चार माणसांचे कपडे, ओढून बाहेर काढायचे छप्पर. अकराशेच्या खाली हा हिशेब थांबत नाही. हा सुतार घराची कपाटे करणारा आहे, त्याला वजनाचे भान असण्याचे कारणच नाही. त्याला बारा मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नकोस.

आता माझे ऐक. १९९७ च्या डिसेंबरमध्ये मी एक ट्रेलर घेतला होता. एका वर्कशॉपने कुणा हौशी गिऱ्हाइकासाठी बनवलेला आणि मग तिथेच पडून राहिलेला. मालकाने सातशे किलो सांगितले आणि मी मान डोलावली. तेव्हा कुर्ल्यात माझे स्वतःचे गॅरेज होते, बावीस वर्षे मी स्प्रिंगा, ॲक्सल आणि बेअरिंगे हाताळत होतो, लोखंड बघून वजन ओळखतो अशी माझी ख्याती होती. आणि तरीही, नाताळच्या सुट्टीत मुलांना गुहागर दाखवायचे म्हणून घाईत, मी तो काट्यावर चढवला नाही. काट्याला तेव्हा तीस-चाळीस रुपये पडत.

जाताना सगळे सुरळीत झाले. परत येताना गुहागरला सोललेल्या नारळांची दोन पोती घेतली आणि जागा मोकळी होती म्हणून ट्रेलरच्या अगदी मागच्या कप्प्यात टाकली. कशेडी घाट चढून पोलादपूरच्या बाजूला उतरू लागलो तेव्हा स्टिअरिंग हाताला एकदम हलके लागले. कुणी मागून जीप किंचित उचलून धरावी तसे. मग आरशात ट्रेलरचा डावा कोपरा दिसला, नाहीसा झाला, उजवा दिसला. तिसऱ्या हेलकाव्याला मी ब्रेक दाबला. तो दाबायला नको होता. ट्रेलरने जीपचे ढुंगण फिरवले आणि त्याचे चाक डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन अडकले. दरीच्या बाजूला गेले असते तर हे पत्र लिहायला मी नसतो. काकूचा उजवा हात कोपराजवळ मोडला, आणि रस्त्याच्या उतारावरून ते नारळ एकामागून एक घरंगळत खाली जात होते, ते माझा धाकटा मोजत बसला होता.

दोन दिवसांनी ॲक्सल सरळ करून, उरलेले सामान तसेच ठेवून, मी तो ट्रेलर महाडच्या काट्यावर चढवला. अकराशे चाळीस. पावती अजून माझ्याकडे आहे.

असे का झाले ते नीट समजून घे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पुढच्या कपलिंगमधून, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरच्या जोडणीतून, ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर यायला हवा. अमेरिकेत मोठ्या ट्रेलरला दहा ते पंधरा टक्के धरतात. मागच्या कप्प्यात वजन पडले की ट्रेलर आपल्या चाकांवर तराजूसारखा मागे झुकतो, हुक वर उचलला जातो, आणि उतारावर वेग वाढला की शेपूट डोलू लागते. तसे झालेच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचे आणि गाडीच्या ब्रेकला हात-पाय लावायचा नाही. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असला तर तेवढाच हळू लावायचा. पण अशी वेळ आल्यावर शहाणपण आठवत नाही. मला बावीस वर्षांच्या अनुभवानंतर आठवले नाही, तुला पहिल्या सहलीत आठवेल असे समजू नकोस. म्हणून सामान चाकांच्या वर किंवा थोडे पुढे ठेवायचे, मागे नाही, आणि हुकावरचे वजन घरीच मोजायचे: सपाट जमिनीवर ट्रेलर उभा करायचा, कपलिंगखाली लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याखाली घरातला वजन बघायचा साधा काटा. मोठा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने मोजतो, त्यावर हे नीट कळत नाही.

तुझ्या जिन्यावरच्या प्रश्नाचे उत्तर आता तुला दिसले असेल. आधी ट्रेलर ठरवायचा, तो भरून मोजायचा, आणि मग तेवढे ओढणारी गाडी शोधायची. लोक उलटे करतात. गाडी आवडते म्हणून घेतात आणि मग तिच्या गळ्यात ट्रेलर बांधतात. दलालाने सांगितलेला "दीड टन आरामात ओढते" हा आकडा ओढण्याचा आहे, थांबवण्याचा आणि वाहण्याचा नाही. हुकावर येणारे शंभर-सव्वाशे किलो त्या गाडीच्या पाठीवरच बसतात. त्यात तुम्ही चौघे, डिझेल, मागच्या हौद्यातले सामान मिळव आणि गाडीच्या ठरवून दिलेल्या भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा करून किती उरते ते बघ. बहुतेक वेळा ओढण्याची ताकद शिल्लक असते आणि पाठ आधीच भरलेली असते. निर्मात्याच्या पुस्तिकेत छापलेला आकडाच धर, आणि तोही इथे विकल्या गेलेल्या गाडीच्या पुस्तिकेतला. त्याच नावाच्या परदेशी गाडीचा आकडा इथे लावू नकोस, गिअर आणि ब्रेक वेगळे असू शकतात.

जुनी गाडी बघायला जाशील तेव्हा बॉनेट उघडण्याआधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीचे पाणी माझ्या गॅरेजमध्ये छातीपर्यंत आले. पुढची दोन वर्षे बुडालेल्या गाड्या नवा रंग आणि नवी सीट कव्हरे लावून बाजारात फिरत होत्या. त्या मी ओळखायचो बेल्टवरून, कारण गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यातली मातकट रेघ कुणी धुवत नाही. दर पावसाळ्यात मुंबईत गाड्या बुडतात, म्हणून ही खूण आजही उपयोगी पडते. सीटखालच्या रुळांचा गंज बघ. पूर्वी हुक बसवलेला असेल तर चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, वेल्डिंग केले आहे की बोल्ट आहेत ते वाकून बघ. वेल्डिंग दिसले की परत फिरायचे. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात, तेव्हा नक्षी बघून फसू नकोस. ट्रेलर मात्र भर पावसात बघायला जा. आत शिरल्याबरोबर ओल नाकाला कळते, आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात अंगठा दाबला की कुजलेला प्लाय आत जातो.

कागदांचे थोडक्यात. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, त्याला स्वतःचा क्रमांक हवा. गाडीसाठी मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह ३५, आणि नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत. हुक बसवायचा तर आरटीओत लेखी विचारून, आणि विम्यात ट्रेलरचा उल्लेख असल्याशिवाय रस्त्यावर यायचे नाही. सोसायटीच्या आवारात तो कुठे उभा राहणार हेही सेक्रेटरींकडून आधी लिहून घे.

आता एक गोष्ट, जी तू बाहेरून ऐकली असशीलच. २००३ साली मी तो ट्रेलर गॅस कटरने कापला. माझा पुतण्या साठ हजार रोख देत होता. मी त्याला एवढेच म्हटले की ॲक्सल बदल, ब्रेक बसव, माझ्यासमोर काट्यावर चढव, मग फुकट घेऊन जा. तो हसला, म्हणाला, "काका, तुम्ही घाबरलात." घरचे सगळे त्याच्या बाजूने. साठ हजार त्या वेळी थोडे नव्हते, मुलीचे लग्न तोंडावर होते, आणि मी ते लोखंडाच्या भावाने भंगारवाल्याला दिले. पुतण्या तेव्हापासून गणपतीला येत नाही. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणोत. वाकून सरळ केलेल्या ॲक्सलचा, अकराशे चाळीस किलोंचा, बिनब्रेकाचा ट्रेलर मी आपल्या घरातल्या पोराला विकला असता आणि तो त्याच घाटात गेला असता, तर त्या साठ हजारांचे मी काय केले असते? मी बरोबर केले. वीस वर्षांत माझे मत तसूभर बदललेले नाही. काकूचा हात पावसाळ्यात अजून दुखतो. ती एकदाही त्याबद्दल बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागते.

तो माणूस तुला महिनाअखेरची मुदत घालतो आहे आणि "दुसरे गिऱ्हाईक तयार आहे" म्हणतो आहे. जाऊ दे दुसऱ्या गिऱ्हाइकाला. काट्याला नाही म्हणणाऱ्याकडून काही घ्यायचे नाही, मग तो कितीही गोड बोलो. मला हे तुला परत परत सांगावे लागते आहे याचा थोडा रागही येतो, कारण रविवारी मी दोनदा "वजन" म्हटले आणि दोन्ही वेळा तू मला सोलर पॅनल दाखवलेस.

त्याला आजच फोन कर. येत्या रविवारी सकाळी सात वाजता कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या काट्यावर ट्रेलर घेऊन ये म्हणावे; त्याची गाडी, त्याचे डिझेल, काट्याचे पैसे मी देईन. तू टाकी काठोकाठ भर, आणि सिलिंडर, बॅटरी, गाद्या, भांडी, तुमच्या चौघांच्या बॅगा, जे जे नेणार ते सगळे आण. प्लाय अजून लागलेला नाही, तेव्हा सुताराकडून तीन पत्रे मागून आत टाक. पहिल्यांदा नुसती गाडी चढवू, मग जोडलेली दोन्ही, मग ट्रेलरची फक्त चाके काट्यावर ठेवू. घरचा वजनाचा काटा आणि लाकडी ठोकळा मी आणतो. काकूही येते म्हणाली आहे.

तुझा,
काका