गॅरेजच्या छताला कयाक टांगायची आहे, कोणता होइस्ट घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: मिशिगनमध्ये घर, गॅरेजचं छत ८ फूट, १२ फुटी प्लॅस्टिकची कयाक, वजन ५० पौंडांच्या आसपास. हिवाळाभर ती छताला टांगायची, तर सायकलींसाठी मिळतो तो स्वस्तातला होइस्ट (दोरी-पुल्यांनी वर उचलायचं साधन) चालेल की चार पट्ट्यांचा महागडा घ्यावा? होइस्टचं सांगतोच, पण आधी छताचं बोलू द्या. होइस्ट सहसा तुटत नाही. सुटतो तो छतातला स्क्रू.

माझ्या मेहुण्याची कयाक हुबेहूब तुमच्यासारखी, १२ फुटी, ५२ पौंड. नोव्हेंबरात ह्युरॉन नदीवरची शेवटची फेरी झाली की एप्रिलपर्यंत ती छताला. त्याने सायकलचा होइस्ट आणला. एक ब्रॅकेट जॉइस्टमध्ये, म्हणजे छताच्या लाकडी तुळईत, व्यवस्थित बसला. दुसऱ्या जागी वर जॉइस्टच नव्हता, म्हणून तिथे नुसत्या ड्रायवॉलमध्ये (छताला मारलेल्या जिप्समच्या पातळ पाट्यांत) टॉगल बोल्ट लावले, म्हणजे आत गेल्यावर पंख उघडणारे बोल्ट, कारण पाकिटावर १०० पौंड छापलेलं होतं. वसंतात त्या ब्रॅकेटभोवती रंगाला केसासारखी गोल चीर गेलेली दिसली. ब्रॅकेटची मागची कड ड्रायवॉलपासून इतकी सुटली होती की फटीत नाणं सरकत होतं, आणि खाली गाडीच्या बॉनेटवर जिप्समची पांढरी भुकटी पडलेली. कयाक पडली नव्हती. ‘पडली कुठे?’ हाच त्याचा मुद्दा, आणि आमचा वाद तिथेच अडलाय.

तर तो पाकिटावरचा आकडा. तो स्थिर, एकाच दिशेने ओढणाऱ्या वजनाचा असतो, आणि कोरड्या, धड ड्रायवॉलमध्ये. होइस्टचा ओढा तसा नसतो. दोरी ओढताना झटके बसतात, दोरी छतालगत आडवी जाते म्हणून ब्रॅकेटला बाजूला खेचते, आणि तुमच्या हाताचा ओढाही छतालाच पेलावा लागतो. त्यात गॅरेजमधला दमटपणा. जिप्सम ओल धरतो आणि महिनोन्‌महिने वजन राहिलं की टॉगलच्या पंखांखाली हळूहळू चुरतो. छतात ड्रायवॉलवर एक पौंडसुद्धा टांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लाकूड सापडलं नाही तर कयाक भिंतीवर ठेवा.

लाकूड शोधायला एकट्या स्टड फाइंडरवर (ड्रायवॉलमागचं लाकूड हुडकणारं छोटं यंत्र) विसंबू नका. छोटं चुंबक छतावर फिरवा, ड्रायवॉलचे स्क्रू सापडतील, त्यांची रांग म्हणजे जॉइस्ट. मग बारीक खिळ्याने टोचून लाकडाच्या दोन्ही कडा शोधा आणि मधोमध पेन्सिलने खूण करा. जॉइस्टची खालची कड फक्त दीड इंच रुंद असते. अर्धा इंच सरकलात तर लॅग स्क्रू (पान्याने फिरवायचा जाड लाकडाचा स्क्रू) कडेला जातो आणि लाकूड उभं चिरतं.

आता पट्टे कुठे यावेत ते ठरवा, कारण त्यावरून पुल्यांची जागा ठरते. दोन आधारांवर ठेवलेली लांब वस्तू सर्वांत कमी वाकावी असं हवं असेल तर आधार टोकांपासून लांबीच्या २२ टक्क्यांच्या आसपास हवेत. तुमच्या १४४ इंची कयाकला हे टोकांपासून ३० ते ३२ इंच येतं, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये ८० ते ८४ इंच. आत बल्कहेड, म्हणजे आडव्या भिंती, असतील तर पट्टा त्यांच्या जवळ घ्या, तिथे बुड कडक असतं. जॉइस्ट कयाकला आडवे असतील तर १६ इंचांच्या अंतरात पाच टप्पे म्हणजे ८० इंच, अगदी जमून येतं. २४ इंचांचं अंतर असेल तर ७२ घ्यावं लागतं, तेही चालतं. जॉइस्ट कयाकच्या दिशेनेच जात असतील तर मात्र खाली आडव्या फळ्या माराव्याच लागतात.

मी फळी दोन्ही प्रकारांत मारतो. २ बाय ६ ची फळी, प्रत्यक्षात दीड इंच जाड, निदान दोन जॉइस्टवर टेकेल इतकी लांब, कयाकच्या प्रत्येक टोकाला एक. प्रत्येक जॉइस्टमध्ये ५/१६ इंची, ४ इंच लांब लॅग स्क्रू, वॉशर लावून. हिशेब सरळ आहे: दीड इंच फळी, अर्धा इंच ड्रायवॉल, उरले दोन इंच लाकडात. नरम लाकडात ५/१६ च्या लॅगला धाग्याच्या दर इंचाला २०० पौंडांच्या आसपास ओढ सोसता येते, आणि या आकड्यात सुरक्षेची सोय आधीच धरलेली असते. फळीत ५/१६ चं मोकळं भोक, जॉइस्टमध्ये ३/१६ चं. फळीतलं भोक मोकळं नसेल तर धागा फळीतच धरतो आणि फळी छताला घट्ट बसत नाही. धाग्यावर साबण घासा. शेवटचे दोन-तीन फेरे हाताच्या रॅचेटने द्या. इम्पॅक्ट ड्रायव्हरने जोर लावला की आतले लाकडाचे धागे भरडले जातात. स्क्रू वरून घट्ट वाटतो, पण पकड गेलेली असते. किटमधले स्क्रू बहुतेक वेळा २ इंचीच निघतात. ते बाजूला ठेवा.

आता होइस्ट. सायकलच्या होइस्टमध्ये दोरी एकच असते, ती दोन्ही टोकांच्या हलत्या पुल्यांतून फिरते. दोरी एकच म्हणजे दोन्ही टोकांवर ताण सारखाच. कयाकचा तोल मात्र बरोबर मध्यावर नसतो. समजा तो मध्यापासून ४ इंच मागे आहे. ५२ पौंडांत पट्टे ८४ इंचांवर असतील तर मागच्या टोकाला साधारण २८.५ पौंड आणि पुढच्याला २३.५. दोरी मात्र दोन्हीकडे २६ च देणार. मग मागचं टोक खाली जात राहतं आणि पुढचं वर, हुक पुलीला धडकेपर्यंत. त्यात स्वस्त पुल्यांचं घर्षण. तुम्ही दोरी ओढता त्या बाजूचं टोक आधी उठतं आणि सोडताना तेच आधी खाली येतं. एक हात दोरीवर आणि एक हात कयाकवर, अशी कसरत होते ती यामुळे.

हाच होइस्ट घ्यायचा असेल तर तोल आधी शोधा. कयाक एका गोल पाइपवर ठेवून मागेपुढे सरकवा, ती जिथे आडवी राहील तिथे टेप लावा. दोन्ही पट्टे टेपपासून सारख्या अंतरावर बांधा, कयाकच्या लांबीच्या मध्यापासून नव्हे. एवढ्यानेच निम्मा त्रास संपतो.

चार पट्ट्यांच्या, स्वतः समतल राहणाऱ्या होइस्टमध्ये प्रत्येक टोकाच्या दोऱ्या वेगळ्या असतात. त्या छतालगत एका ठिकाणी गोळा होतात आणि एकाच ओढीने सारख्याच लांबीने खेचल्या जातात. हार्कन कंपनीचा हॉइस्टर या जातीचा. तोल इकडेतिकडे असला तरी कयाक आडवीच वर जाते, एकट्याने ओढता येते. चारास एक या प्रमाणात ५२ पौंडांना हाताशी १३ पौंड आणि वर घर्षण. ५ फूट उचलायला दोरी २० फूट ओढावी लागते, तेव्हा ओढायची जागा मोकळी ठेवा. एकच गोष्ट विसरू नका: सगळ्या दोऱ्या जिथे गोळा होतात त्या जागेवर कयाकचं पूर्ण वजन आडवं ओढलं जातं. तिथला स्क्रू सर्वांत भक्कम हवा. मी पाहिलंय की लोक चार कोपरे जपून बसवतात आणि ही जागा उरकून टाकतात. तुम्हाला दर शनिवारी कयाक काढायची असेल तर हा घ्या. वर्षातून दोनदाच चढ-उतार असेल तर सायकलचाही चालेल, पण पुढचं वाचून.

पुढचं म्हणजे माझ्या दृष्टीने या उत्तरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. होइस्ट उचलण्यासाठी असतो, पाच महिने धरून ठेवण्यासाठी नाही. दोरी एका दातेरी कॅमवर, म्हणजे तिला चिमटीत धरणाऱ्या खटक्यावर, अडकलेली असते. नायलॉनची असेल तर ताणली जाते, पॉलिप्रॉपिलिनची असेल तर कॅममधून घसरते. दोरी बदलायची झाली तर पॉलिएस्टरची विणीव घ्या, जाडी होइस्टच्या पुलीला बसेल तीच. आणि त्याच फळ्यांमध्ये पुल्यांच्या शेजारी, बंद डोळ्याचे लॅग धाग्याचे आयबोल्ट जॉइस्टपर्यंत बसवा. कयाक वर गेली की एक इंची कॅम बकलचे दोन पट्टे त्यांत ओवून कयाकखालून घ्या, बकल बंद करा, मग होइस्टची दोरी किंचित सैल सोडा. आता वजन पट्ट्यांवर. दोरीचं टोक तरीही भिंतीच्या स्टडमध्ये (उभ्या लाकडात) बसवलेल्या क्लीटला, म्हणजे दोरी गुंडाळायच्या दोन शिंगांच्या खुंटीला, आठच्या आकड्यात गुंडाळा, लहान मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. रॅचेटचा पट्टा नको. रॅचेट हातात आला की माणूस करकचून आवळतो, आणि उन्हाळ्यात छताखालच्या उष्णतेत कयाकच्या पॉलिएथिलिन प्लॅस्टिकला तिथेच खळगा पडतो.

दोन्ही टोकांच्या हॅंडलना धरून टांगण्याचा मोह टाळा. मेहुण्याने तेच केलं होतं. हॅंडलना टांगली की आधारांमधलं अंतर जवळजवळ पूर्ण लांबीचं होतं आणि पोट खाली उतरतं. बुडाला टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून बघितलं तेव्हा त्याच्या कयाकचं बुड केळ्यासारखं वळलेलं होतं. अशी कयाक पाण्यात सरळ जात नाही, दर दोन वल्ह्यांनी तोंड वळवते. जमलं तर कयाक पालथी किंवा कुशीवर टांगा. हॅचची झाकणं सैल सोडा आणि ड्रेन प्लग काढून ठेवा, आत ओल अडकत नाही.

उंचीचा हिशेब तुमच्यासाठी जरा अडचणीचा आहे. ८ फूट म्हणजे ९६ इंच. त्यातून पुल्यांचे ६, पट्ट्यांच्या लोंबत्याचे ४, कयाकचे १५ वजा केले तर खाली ७१ इंच उरतात. उंच माणसाचं डोकं आपटेल, आणि एसयूव्हीचं मागचं दार उघडताना तर नक्कीच आपटेल. म्हणून दोन गाड्यांचं गॅरेज असेल तर कयाक मागच्या भिंतीलगत आडवी, गाड्यांच्या बॉनेटवर येईल अशी टांगा. दरवाजाचे रूळ आणि ओपनरची मोटर बहुधा तिथपर्यंत येत नाहीत. दरवाजाच्या रुळांना किंवा त्यांच्या भोकाभोकांच्या पट्ट्यांना काहीही टांगू नका. त्या पट्ट्या दरवाजाच्या वजनासाठी आहेत.

होइस्ट थेट गाडीच्या वर बसवून कयाक टपावर उतरवायची कल्पना सगळ्यांना आवडते. आधी दाराची उंची मोजा. बहुतेक गॅरेजचं दार ७ फुटी, म्हणजे ८४ इंच. ६६ इंची एसयूव्ही, टपावरचे ५ इंचांचे क्रॉसबार (आडवे दांडे), १५ इंचांची कयाक, झाले ८६. गाडी बाहेरच पडणार नाही. सेडानवर ही सोय छान जमते.

ज्यांनी बसवायला घेतलं असेल त्यांनी इथे थांबून हेही वाचा. वर बघितल्यावर जॉइस्टऐवजी त्रिकोणी ट्रस (काड्या जोडून केलेले लाकडी सांगाडे) दिसत असतील, २ बाय ४ च्या, २४ इंचांवर, तर त्यांची खालची कडी मुख्यतः छताच्या वजनाचा हिशेब करून बनवलेली असते. वजन दोनऐवजी तीन-चार ट्रसवर वाटून द्या, जिथे तिरप्या काड्या खालच्या कडीला मिळतात त्याच्या जवळ घ्या, जोडांवरच्या दातेरी पत्र्यांमधून भोक पाडू नका, खाच तर कधीच करू नका. मासेमारीची ९०-१०० पौंडांची कयाक असेल तर ट्रसला लटकवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गॅरेजच्या वर राहत्या खोल्या असतील तर ते ड्रायवॉल आगीच्या संरक्षणाचं असतं. जुनी, वाया गेलेली भोकं नीट बुजवा.

फळी बसल्यावर कयाक लगेच चढवू नका. ५० पौंडांच्या वाळूच्या दोन पिशव्या, म्हणजे कयाकच्या दुप्पट वजन, पट्ट्यांत घालून वर घ्या आणि रात्रभर ठेवा. खाली गाडी नको, माणूस नको. त्याआधी प्रत्येक वॉशरभोवती फळीवर आणि फळीभोवती छतावर पेन्सिलने रेघ मारा. सकाळी रेघ आणि कड जिथल्या तिथे असतील तर कयाक चढवा.

मेहुण्याच्या गॅरेजमध्ये आता फळी आहे. टॉगलची भोकं बुजवून त्यावर रंग दिलाय, आणि रेघा मी स्वतः मारल्यात. एप्रिलमध्ये कयाक उतरवण्याआधी त्या बघायच्या, असं ठरलंय. तुम्हीही नोव्हेंबर आणि एप्रिल, दोन्ही वेळा बघा. रेघेपासून फळी कागदाएवढीही सुटलेली दिसली तर पट्टे न सोडता आधी गाडी बाहेर काढा, मग दोघांनी मिळून कयाक उतरवा.