अ‍ॅन आर्बर की रटगर्स : कोथरूडचा फ्लॅट विकावा का?

आपल्या पत्राचा सारांश असा : न्यू जर्सीतील एडिसन येथे आपले वास्तव्य असून पती-पत्नी दोघेही ग्रीन कार्डधारक आहात. अमेरिकेत जन्मलेल्या कन्येला 2026 च्या सत्रासाठी न्यू जर्सीचेच सरकारी विद्यापीठ असलेले रटगर्स आणि परराज्यातील मिशिगन विद्यापीठ (अ‍ॅन आर्बर) अशा दोन्हीकडे संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला आहे. 529 खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) 90,000 डॉलर आहेत, पगारातून वर्षाला 20,000 बाजूला काढता येतात, आणि कमी पडल्यास कोथरूडचा फ्लॅट विकण्याचा विचार आहे.

आपण कळवलेला पहिल्या वर्षाचा एकूण खर्च मिशिगनला सुमारे 80,000, तर रटगर्सला वसतिगृहासह 37,000 डॉलर आहे. दरवर्षी चार टक्के वाढ धरली, तर चार वर्षांचे अनुक्रमे 3,40,000 आणि 1,57,000 होतात. मिशिगनमध्ये वरच्या वर्षांचे शुल्क मुळातच जास्त असल्याने माझा अंदाज तिथे कमीच पडेल. राज्याचे अनुदान आटत गेल्यावर अनेक सरकारी विद्यापीठांनी परराज्यातील विद्यार्थ्यांच्या शुल्कावर भिस्त ठेवली, त्यामुळे हा आकडा खाली येईल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. वर्षभर तिथे राहून मुलगी मिशिगनची रहिवासी ठरेल आणि शुल्क कमी होईल, हेही गृहीत धरू नका. पालकांवर अवलंबून असलेल्या, केवळ शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचे मूळ राज्य पालकांचेच धरले जाते.

रटगर्सचा खर्च बचत आणि पगार यांतून कर्जाविना भागतो. मिशिगनला मात्र 1,70,000 कमी पडतात. मुलीच्या नावे चार वर्षांत मिळणारे 27,000 चे संघीय कर्ज वजा केले, तरी 1,43,000 उरतात. 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना पॅरेंट प्लस कर्ज (पालकांनी स्वतःच्या नावे घ्यायचे संघीय कर्ज) एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 डॉलरपर्यंतच मिळेल. नऊ टक्क्यांनी दहा वर्षे फेडायचे म्हटले, तर त्याचाच हप्ता महिना सव्वाआठशेच्या घरात जातो, आणि तरीही 78,000 ची तोंडमिळवणी राहतेच.

ती फ्लॅटमधून करण्याच्या मी विरोधात आहे. विक्रेता अनिवासी असल्याने कमी दराने कर कापण्याचा प्राप्तिकर खात्याचा दाखला आधी मिळवला नाही, तर खरेदीदाराला पूर्ण किमतीवर टीडीएस कापावा लागतो. शिवाय ग्रीन कार्डमुळे तो नफा अमेरिकेच्या विवरणपत्रातही दाखवावा लागतो. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण दोन्हीकडचे हिशेब, दाखले आणि डॉलरचा भाव हे सारे प्रवेश निश्चित करण्याच्या 1 मेच्या मुदतीआत जुळत नाही. (भावकीतल्या कोणाचे नाव सातबाऱ्यावर किंवा कागदावर असेल, तर विषयच संपला.)

म्हणून रटगर्स घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधी मिशिगनच्या आर्थिक साहाय्य विभागाला लेखी विनंती जरूर करा. वर्षाला 35,000 च्या आसपास अनुदान, तेही चारही वर्षे चालू राहण्याच्या लेखी हमीसह, मिळाले तर फेरविचार करू. त्याहून कमी रकमेवर 1 मेपूर्वी तिथे प्रवेशाची अनामत भरू नका.