खाण्यापिण्याचे प्रश्न : मुंबईत शाकाहारी जेवायचं तर आधी वस्ती बघा

प्रश्न : काका, डिसेंबरात आम्ही महालक्ष्मीनं मुंबईला निघालोय. मुलगा अंधेरीला नोकरीला आहे. सोबत सासूबाई. त्या कांदा-लसूण खात नाहीत आणि जिथं मटण-मासे शिजतात तिथलं पाणीसुद्धा पीत नाहीत. मिस्टरांना बुफे आवडतो. मागच्या वेळी मोबाइलवरचे तारे बघून एका हॉटेलात गेलो, तर सासूबाई नुसतं ताक पिऊन उठल्या. चांगलं शाकाहारी हॉटेल ओळखायचं कसं?
— एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, हॉटेल नंतर शोधा, आधी वस्ती ठरवा. हळदीच्या अडतीच्या कामानं माझी उमेदीची वर्षं सांगली आणि मसजिद बंदर यांच्यातच गेली. मुंबईत जे चांगलं खाल्लं, ते वस्ती बघून खाल्लं.

काळबादेवी-भुलेश्वरात कापडाच्या पेढ्यांवर गुजरात-मारवाडकडची माणसं कुटुंब गावाकडं ठेवून राहायची. त्यांना दोन्ही वेळचं घरच्यासारखं जेवण लागायचं, म्हणून तिथं भोजनालयं निघाली. माटुंग्याला दक्षिणेकडून आलेली नोकरदार मंडळी उतरली, त्यांच्यासाठी उडपी बोर्डिंगं निघाली. गिरगाव-दादर आपल्या लोकांचं, म्हणून तिथं थालीपीठ आणि साबुदाणा वडा. घाटकोपर, मुलुंडला गुजराती वस्ती मोठी, तिथं जैन पदार्थ न मागता मिळतात. जिथं गिऱ्हाईक रोजचं असतं तिथं आमटी बिघडली की दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर कुणीतरी बोलतंच. फिरायला आलेला माणूस परत येणार नसतो, त्यामुळं स्टेशनाबाहेरच्या झगमगीत हॉटेलाला कुणाची भीती नसते.

सासूबाईंना माटुंग्याला न्या. अंधेरीहून दादर, तिथं मध्य रेल्वेची धीमी गाडी, पुढचंच स्टेशन. पूर्वेला बाहेर पडलं की बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासूनचं. गल्ल्यावर कुपन घ्यायचं आणि नंबराची वाट बघायची. केळीच्या पानावर जेवायचं असेल तर कुपन घेतानाच सांगा. पानावर बसलात की वाढपी घाई करत नाहीत. पहिल्या भातावर सांबार, मग रसम, शेवटी दहीभात. रसम वाटीत मागून घ्या आणि गरम आहे तोवर प्या. मिरीचा आणि कोथिंबिरीच्या देठाचा वास नाकात जातो, प्रवासाचा शीण उतरतो. उडुपीच्या मठातल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो आणि या जेवणाचं मूळ तिकडचंच. तरीही त्या दिवशीच्या भाजीचं विचारून घ्या. जिने मात्र चढावे लागतात. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर हे त्यांना आधी सांगा, म्हणजे वर पोचून मन कष्टी होणार नाही.

काळबादेवीचं श्री ठाकर भोजनालय (1945) हेही वरच्या मजल्यावर आहे. गुजराती थाळी, तूप लावलेल्या फुलक्या, दोन-तीन फरसाणं, गोड डाळ. वाढणारा थांबतच नाही, ‘बस’ म्हणायला तुम्हालाच हात आडवा धरावा लागतो. आपल्या सांगलीच्या जिभेला डाळ पहिल्या घासाला गोड लागेल. तिसऱ्या घासापर्यंत धीर धरा.

नाश्त्याला माटुंग्यातच कॅफे मद्रास (1940) किंवा राम आश्रय (1939). रविवारी सकाळी जाऊ नका, रांगेत सासूबाईंचे हाल होतील. दादरला प्रकाश या हॉटेलातला साबुदाणा वडा आणि पियूष. तिथल्याच आस्वाद हॉटेलची मिसळही चांगली आहे. 2015 साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारात तिची निवड झाली होती. पण आपल्याकडच्या तिखट मिसळीची अपेक्षा ठेवून जाऊ नका, तिची चव सौम्य आहे.

आता कांदा-लसणाचं. पंजाबी भाज्या करणाऱ्या बहुतेक हॉटेलांत कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही सकाळीच शिजवून ठेवलेली असते. तुम्ही ‘कांदा नको’ म्हणालात की वरून पेरायचा कांदा तेवढा थांबतो. म्हणून प्रश्न वेगळा विचारा : ‘जैन ग्रेव्ही वेगळी केलेली आहे का?’ वेटर अडखळला तर जिऱ्याची फोडणी दिलेली साधी डाळ आणि भात मागवा. साधा डोसा चालतो, पण सांबारातला कांदा लोक विसरतात.

मिस्टरांच्या बुफेसाठी जुहूचं गोविंदाज बघा, इस्कॉनच्या मंदिराच्या आवारात. कांदा-लसूण नाही, मांसाहाराचा प्रश्नच नाही, म्हणजे सगळ्यांना एका टेबलावर बसता येईल. अंधेरीहून जवळही पडतं. एरवी बुफे कुठलाही असो, सुरू झाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात पोचा. ताट उचलायच्या आधी एक फेरी मारा. झाकण उघडल्यावर वाफ यायला हवी; गरम शाकाहारी पदार्थ किमान 60 अंश सेल्सिअसवर ठेवावेत असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. पनीरच्या रश्शावर साय धरली असेल, खालचा दिवा विझलेला असेल, तर ती भाजी सोडा. जिथं मांसाहारही असतो तिथं पळी कुठली कुठं जाते ते बघा. सॅलडातल्या मेयोनीजमध्ये अंडं आहे का, पुडिंगमध्ये जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेलं) आहे का, हे दोन्ही विचारायचंच. माझं मत विचाराल तर थकल्या माणसाला बुफेपेक्षा थाळी केव्हाही बरी. आयतं गरम पानात पडतं, उठावं लागत नाही.

प्रश्न : पुण्यात बुफेच्या बिलात सेवाशुल्क लावलं होतं. वाढून आम्हीच घेतलं, मग सेवा कसली? द्यावंच लागतं का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय की हॉटेलानं बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये. हॉटेलवाले कोर्टात गेले. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचंच म्हणणं कायम ठेवलं. शांतपणे ‘हे काढून बिल परत करा’ म्हणा. ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जीएसटी हा वेगळा, तो द्यावा लागतो. वाढप्याला खुशीनं जे द्यायचं ते त्याच्या हातात द्या, तेच मला जास्त पटतं.

प्रश्न : आईवडील दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. मुंबईला त्यांच्या तपासण्या आहेत. हॉटेलं रात्रीचं जेवण सातला सुरू करतात. काय करावं?
— एक जैन वाचक, मिरज

उत्तर : डिसेंबरात मुंबईला सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचला पानावर बसायला हवं. थाळीची हॉटेलं तेव्हा बंद असतात, पण उडपी हॉटेलं दिवसभर चालू. इडली, डोसा सांगताना ‘बटाट्याची भाजी नको, सांबार नको, चटणी द्या’ हे एकदमच सांगा आणि चटणीत लसूण नाही ना ते विचारा. कच्च्या केळ्याची जैन पावभाजी घाटकोपर-माटुंग्याकडं सहज मिळते. त्याहून चांगली सोय म्हणजे मोठ्या जैन मंदिरांना जोडून असलेल्या भोजनशाळा. तिथं सगळा स्वयंपाक नियमातला आणि संध्याकाळचं जेवण उजेडातच उरकतं. कुपन बहुधा आधी घ्यावं लागतं. उतरणार असाल तिथल्या मंदिरात आदल्या दिवशी फोन करा, किती माणसं ते सांगा. हॉस्पिटलात चारची वेळ दिली तर सकाळची मागून घ्या; तपासणी लांबली की आईवडील उपाशी झोपतील.